दोनशे चौदा हरकतींचं पुस्तक

आमच्या गल्लीत सुटा कागद फार काळ सुटा राहत नाही. दवाखान्याच्या चिठ्ठ्या असोत की विजेची बिलं, चार जमली की कुणीतरी ती ठोकून सरळ करतं, टाके घालतं आणि वर पुठ्ठा चढवतं. पुस्तकं बांधणं हा आमचा धंदा, तीन पिढ्यांचा. हातांना दुसरं काही ठाऊकच नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जी चूक झाली ती दुसऱ्या कुठल्याही गल्लीत झाली नसती. आणि ती चूक माझी होती, हेही आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणी मला टोकायला नको.

मी कटिंगवाली. सामाईक शेडमधलं मोठं कटिंग मशीन गेली एकवीस वर्षं मी चालवते. शिवलेलं पुस्तक मागच्या पट्टीला टेकवायचं, वरून दाब द्यायचा आणि पातं खाली आणायचं. तीन बाजू, तीन कट. सोपं वाटतं, पण एका सुताची चूक झाली तर हजार पुस्तकं वाया जातात. माझा कट पट्टी लावून तपासावा लागत नाही. हे मी स्वतःच सांगते, आणि आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. एक माणूस सोडून. त्या माणसाकडे येतेच.

गल्ली म्हणते खरी, पण तिच्या पोटातून मोठा रस्ता गेलाय. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा इथून दोन हातगाड्यासुद्धा समोरासमोर निघत नव्हत्या. मग रस्ता रुंद झाला, घरं दोन्ही बाजूंना मागे सरकली आणि मधून बस धावायला लागली. तेव्हापासून आम्ही अलीकडचे आणि पलीकडचे झालो. म्हणजे आमच्या लेखी ते पलीकडचे, त्यांच्या लेखी आम्ही. काम मात्र कुणी वाटून घेतलं नाही. घडी पलीकडे होते, शिलाई अलीकडे. दाबाचं यंत्र पलीकडे, कटिंगची शेड अलीकडे. पुठ्ठे पलीकडे चढतात आणि तयार पुस्तकं सुकायला पुन्हा अलीकडे येतात. एक पुस्तक पुरं होईपर्यंत पाच वेळा रस्ता ओलांडतं. आमचे हे दिवसभर तेवढंच करतात, हातगाडी घेऊन इकडून तिकडे. बोलत काही नाहीत. घरात माझ्यासारखी बायको असल्यावर बोलायची गरज पडत नाही, असं सासूबाई म्हणतात.

तर एका सकाळी शेडच्या भिंतीवर नकाशा लागला. निवडणुकीच्या वॉर्डांची नव्याने आखणी होणार होती आणि हा कच्चा आराखडा होता. बघते तर वॉर्डाची जाड काळी रेघ बरोबर आमच्या रस्त्याच्या मधोमध. अलीकडची बाजू नाल्यापलीकडच्या उंच इमारतींच्या वॉर्डात, पलीकडची बाजू बाजारपेठेच्या वॉर्डात. दोन्हीकडची मिळून आमची नऊशे मतं. एकत्र असली की निवडणुकीला उभा राहणारा प्रत्येक जण आमच्या दारात येऊन चहा पितो. अर्धी-अर्धी झाली की दोन्हीकडे आम्ही शेपटाला.

चहाचं मला काही नाही. प्रश्न शेडचा होता. ती जागा पालिकेची. दर पाच वर्षांनी मुदत वाढवून घ्यावी लागते, आणि त्यासाठी आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाचं पत्र लागतं. उंच इमारतींच्या मंडळाने त्याच जागेवर गाड्या लावायची सोय करा म्हणून दोनदा लेखी मागणी केलेली. म्हणजे उद्या ज्याच्या पत्रावर शेड राहणार, तो निवडून येणार त्यांच्या मतांवर. दीड टनाचं मशीन मी काय डोक्यावर घेऊन फिरू? आणि मशीन गेलं की गल्लीतल्या घड्या, टाके, पुठ्ठे कशाचाच उपयोग नाही. न कापलेलं पुस्तक कुणी घेत नाही.

शेडमध्ये बैठक झाली. तुम्हाला वाटेल, सगळे एका सुरात बोलले असतील. कसले? केशकर्तनालयवाले म्हणाले, रस्ता हद्द म्हणून चांगलाच आहे, लहान पोरालाही समजेल. पुठ्ठेवाल्या काकांचं म्हणणं, नगरसेवक इकडचा काय नि तिकडचा काय, सगळे एका माळेचे मणी. पलीकडची एक सून म्हणाली, बाजारवाल्या वॉर्डात गेलो तर निदान नळाला पाणी तरी जोरात येईल. तिला तिच्याच सासूने खाली बसवलं. मग मास्तर उठले. मास्तर म्हणजे आमचे निवृत्त मुद्रितशोधक, पलीकडे राहतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यामुळे नियम वाचायची त्यांना गोडी आहे. ते म्हणाले, हरकत प्रत्येकाने स्वतंत्र नोंदवायची, छापील अर्जावर. मग सुनावणी होईल. तिथे ज्याची हरकत नोंदलेली आहे तो बोलू शकेल. गल्लीच्या वतीने कोण बोलणार, हे ठरवायला वेळ लागला नाही. हिलाच पाठवा, हिच्या तोंडाला कोण लागणार, असं सर्वानुमते ठरलं. मी मान खाली घालून संमती दिली.

सर्वानुमते म्हटलं, पण एक माणूस शेडच्या दाराबाहेर उभा राहून गप्प होता. माझी नणंद.

वन्सं आमच्या ह्यांच्या थोरल्या बहीण. लग्न होऊन गेल्या त्या पलीकडेच, रस्ता ओलांडून. घडी घालण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. हाडाची पट्टी एकदा कागदावरून फिरली की घडी अशी बसते, की कागद जन्मालाच दुमडलेला आला असं वाटावं. तर या वन्सं माझ्याशी बोलत नाहीत. फार जुनी गोष्ट. गणिताच्या दोन हजार पुस्तकांची बांधणी होती. कापून झाल्यावर लक्षात आलं, की प्रत्येक पानाचा खालचा आकडा अर्धा उडालाय. सगळा माल परत आला. शेडमध्ये सगळ्यांसमोर मी म्हटलं, "घडी वाकडी होती." वन्संनी तेवढंच ऐकलं, वळल्या आणि घरी गेल्या. त्यानंतर त्यांनी शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. काम थांबलं नाही. त्यांच्या घड्या हातगाडीवरून येतात, मी कापते. सणाला, लग्नाला एका पंगतीत बसतो. सासूबाई मध्ये बसतात आणि दोन्हीकडचं मीठ दोन्हीकडे देतात.

आता अर्जांचं. छापील अर्ज चार पानी, एक मोठा कागद मधोमध दुमडायचा. वरच्या कडेला, अगदी कोपऱ्यात, लाल शाईत क्रमांक. आठ दिवसांत दोनशे चौदा अर्ज भरून झाले. मास्तरांनी एकेकाचं शुद्धलेखन तपासलं. वन्संनी सगळ्यांना घड्या घातल्या आणि क्रमाने लावून हातगाडीवर पाठवले. इथपर्यंत ठीक. पण तो गठ्ठा सासूबाईंच्या ओट्यावर आला आणि सासूबाईंनी तो बघितला. त्या म्हणाल्या, एवढं लिहिलंय पोरांनी, हे काय असं सुटं न्यायचं? लाज नाही वाटत? आणि त्यांनी शिवायला घेतलं. मला हसू नका, मलाही तेच वाटलं. सुटे अर्ज घेऊन जाणं म्हणजे न विंचरता लग्नाला जाणं. शिवून, दाबून पुस्तक माझ्याकडे आलं, मी मशीनवर ठेवलं आणि तीन बाजू कापल्या. काकांनी निळं कापड चढवून वर सोनेरी अक्षरं उठवली. "रहिवाशांच्या हरकती." असं देखणं पुस्तक आमच्या गल्लीतून वर्षभरात बाहेर पडलं नव्हतं.

मुदत शुक्रवारी पाचपर्यंत. आम्ही मोठ्या दिमाखात गुरुवारी सकाळीच गेलो, मी, मास्तर आणि हे. खिडकीवरच्या कारकूनबाईंनी पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट केलं, सोनेरी अक्षरांवरून बोटही फिरवलं. मग नोंदवही उघडून एक ओळ लिहिली आणि एक पोच पुढे केली. मी विचारलं, बाकीच्या दोनशे तेरा? त्या म्हणाल्या, एक दस्तऐवज, एक नोंद, एक हरकत. वेगवेगळ्या हव्या असतील तर सुटे अर्ज द्या. मी म्हटलं, मग आत्ताच सोडवते. त्यांनी पुस्तक उघडलं, दोन-चार पानं चाळली आणि शांतपणे विचारलं, "क्रमांक कुठे आहेत?"

मी वाकून पाहिलं. वरची कड तुळतुळीत, सरळ, माझ्या हातची. त्या कडेबरोबर लाल आकडे गेले होते. सगळेच्या सगळे.

एकवीस वर्षांत माझी वाचा बसलेली मास्तरांनी पहिल्यांदाच पाहिली असेल. क्रमांकाशिवाय अर्ज घेता येणार नाही आणि नवे अर्ज देणं कालच बंद झालंय, असं कारकूनबाई म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी ती एक नोंद खोडली, पुस्तक परत दिलं आणि उद्या पाचपर्यंत खिडकी उघडी आहे असं दोनदा सांगितलं. परत येताना ह्यांनी हातगाडी ढकलत तोंड उघडलं. म्हणाले, "कात्रणं अजून पोत्यात असतील."

माणूस वर्षातून चार वाक्यं बोलतो, पण त्यातलं एक असं असतं.

कापलेल्या कडा आम्ही पोत्यात भरतो, लगद्यासाठी न्यायला गाडी शुक्रवारी संध्याकाळी येते. पोती तीन होती. अर्जांचं पुस्तक कापलं त्याच दिवशी मी शाळेच्या वह्यांच्या आठ हजार कडा कापल्या होत्या, सगळं एकत्र. शेडच्या फरशीवर तिन्ही पोती उलटी केली. गुडघ्यापर्यंत पांढऱ्या पट्ट्या. त्यात ज्यांच्या कोपऱ्यात लाल ठिपका, त्या आमच्या. मी गल्लीला काय झालं ते सांगितलं. चूक कुणाची तेही सांगितलं, अर्थात जरा घाईघाईत. सासूबाई म्हणाल्या, शिवायचं खूळ माझं होतं. मी म्हटलं, शिवलेलं सोडवता येतं, आई, कापलेलं नाही. तेवढ्यापुरतं खरं तेच होतं.

मग गल्ली कामाला लागली, आणि इथे मला सांगायला मुळीच संकोच नाही, की आम्ही कामाला लागलो की बघत राहावं. सासूबाईंनी कणा सोडवायला घेतला. एक टाका न तोडता दोरा काढत गेल्या. आपणच शिवलेलं एवढं पक्कं का शिवलं म्हणून स्वतःवरच चिडल्या. अलीकडच्या बायका फरशीवर बसून लाल ठिपके वेचत होत्या. पट्ट्या आकड्यांप्रमाणे लावून त्या-त्या अर्जात ठेवायच्या आणि हातगाडीवरून पलीकडे पाठवायच्या. तिकडे मास्तरांच्या ओसरीवर पातळ खळ केली होती. जुनी पुस्तकं दुरुस्त करायला आम्ही एक झिरझिरीत कागद वापरतो, पलीकडचं दिसतं असा. त्याची बोटभर पट्टी मागून लावली की फाटलेलं पान जुळतं. ते काम वन्सं करत होत्या. चिकटवलेले अर्ज दाबाखाली, तिथून सुकायला पुन्हा अलीकडे. बसगाड्या थांबवून थांबवून ह्यांनी त्या दिवशी किती खेपा केल्या कुणी मोजल्या नाहीत. केशकर्तनालयवाल्यांनी दुकान बंद केलं आणि रस्त्याच्या मध्ये उभे राहून हात दाखवायला लागले. रस्ता हद्द म्हणून चांगला आहे म्हणणारे तेच.

शुक्रवारी दुपारी मोजणी झाली. दोनशे तेरा. पोती पुन्हा झाडली, फरशी झाडली, मशीनच्या खालीही हात घालून पाहिलं. एक पट्टी सापडली नाही. क्रमांक एकशे चाळीस. मास्तरांनी बिनक्रमांकाचा अर्ज उचलून नाव वाचलं आणि चष्मा काढला. तो माझा होता.

मला आधी हसू आलं. खरंच आलं. जिने सगळ्यांचे आकडे उडवले तिचाच आकडा परत आला नाही, हा न्याय मला पटण्यासारखा होता. मग लक्षात आलं, की माझी हरकत नसेल तर मला सुनावणीत तोंड उघडता येणार नाही. आणि शेड, मशीन, कट, यातलं मला जेवढं ठाऊक आहे तेवढं कुणालाच नाही. गल्लीत आता चर्चा सुरू झाली, दुसरं कोण बोलेल. मास्तर बोलले तर नियम सांगतील. काका बोलले तर झोपवतील. सासूबाई बोलल्या तर रडतील. मी शेडच्या उंबऱ्यावर बसून राहिले आणि मला वाईट वाटत होतं, हे कबूल करते.

तेवढ्यात हातगाडी आली. वाळलेल्या शेवटच्या गठ्ठ्यावर एक कागद होता, चार घड्यांचा. कड कडेला भिडलेली, कोपरे टोकदार. अशी घडी घालणारा हात एकच. ह्यांनी तो मला दिला आणि रस्त्याकडे बघायला लागले. आत दोन ओळी होत्या. अर्ज क्रमांक सतरा. सुनावणीत माझ्या वतीने माझी भावजय बोलेल. खाली सही.

मास्तरांनी नियमावली उघडून बघितली. हरकतदार लेखी पत्र देऊन प्रतिनिधी नेमू शकतो. कलमसुद्धा वाचून दाखवलं. मी पलीकडे पाहिलं. वन्सं ओसरीवर बसून पुढच्या कामाच्या घड्या घालत होत्या. मान वर केली नाही.

साडेचारला दोनशे तेरा सुटे अर्ज आम्ही खिडकीवर ठेवले. कारकूनबाईंनी पहिल्या अर्जाची वरची कड उजेडाकडे धरून बघितली, बोटाने चाचपली. आकडा जिथे होता तिथेच होता. दोनशे तेरा पोचपावत्या करायला त्यांना साडेपाच वाजले, पण त्यांनी खिडकी लावली नाही.

सुनावणी पुढच्या शनिवारी होती. मोठा हॉल, समोर टेबलावर सुनावणी अधिकारी, चष्म्यातून कागद आणि चष्म्यावरून माणसं बघणारे. आधी उंच इमारतींच्या वतीने एक बाई उठल्या. दातांच्या डॉक्टर होत्या. मी कंबर कसूनच बसले होते, की या आता आमच्या शेडवर घसरणार. त्यांनी वेगळंच काढलं. आमच्या आठ इमारती एकाच आवारात आहेत, म्हणाल्या, पाणी एक, कचऱ्याची गाडी एक. तुमच्या रेघेने त्यातल्या शेवटच्या दोन तोडून बाजाराच्या वॉर्डात टाकल्या, आणि त्यांच्या बदल्यात नाल्यापलीकडची ही माणसं आमच्यात घातली, ज्यांची आमची ओळखही नाही. आमच्या दोन आम्हाला द्या. मधल्या वेळेत मी जाऊन त्यांना विचारलं, मग गाड्या लावायच्या मागणीचं काय? त्या म्हणाल्या, ती आहेच, ती आम्ही सोडलेली नाही. मला बाई आवडल्या. तोंडावर खरं बोलणारं माणूस मला परवडतं.

मग माझा पुकारा झाला. अधिकाऱ्यांनी विचारलं, आपण कुणाच्या वतीने? मी सांगितलं, अर्ज सतरा, माझी नणंद, त्या मागे बसल्या आहेत. ते म्हणाले, त्या हजर आहेत तर स्वतः का बोलत नाहीत? मी म्हटलं, त्यांना कचेरीत बोलायला आवडत नाही. हे खरंच होतं, फक्त पुरं नव्हतं.

मी शेडबद्दल सांगितलं, मशीनबद्दल सांगितलं, पुस्तक पाच वेळा रस्ता कसं ओलांडतं ते बोटावर मोजून दाखवलं. त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाले, रुंद रस्ता ही नैसर्गिक हद्द मानली जाते. मी म्हटलं, "साहेब, नैसर्गिक तो नाला. रस्ता तुम्ही केला. गल्ली आधी होती." मागे लोक हसले. तेही किंचित हसले, पण मुद्दा सोडला नाही. म्हणाले, लोकसंख्येचा मेळ बसवून एखादा समुदाय अखंड ठेवता आला तर ठेवायचा, असा नियम आहे. पण एकाच धंद्यातले सगळे म्हणजे समुदाय होत नाही. तुम्ही खरोखर एक आहात, हे मी कशावरून धरायचं?

याचं उत्तर मास्तरांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. आम्ही सारे एका कुटुंबासारखे गुण्यागोविंदाने राहतो, असं काहीतरी. मी तोंड उघडलं आणि ते माझ्याच्याने म्हणवेना. हातात वन्संचं पत्र होतं, ती घडी होती. खोटं बोलायला माझी हरकत नसते, पण त्या घडीवर बोट ठेवून नाही.

"एक आहोत म्हणजे आमचं पटतं असं नाही, साहेब," मी म्हटलं. "जिच्या वतीने मी इथे उभी आहे, ती माझ्याशी अकरा वर्षं बोललेली नाही. मी सगळ्यांसमोर तिची घडी वाकडी म्हटली होती. घडी वाकडी नव्हती. मशीनच्या मागच्या पट्टीचा स्क्रू ढिला झाला होता. मला दुसऱ्या दिवशी कळलं, मी तो आवळला आणि गप्प बसले. तिची घडी रोज माझ्याकडे येते आणि रोज सरळ येते. या अर्जांवरचे आकडे मीच कापून टाकले होते, ते तिने जागच्या जागी बसवलेत, हात लावून बघा. आता तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं ते. आमच्याकडे शब्द नाही."

मी मागे बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती, एवढं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. अधिकाऱ्यांनी वरचा अर्ज उचलला आणि कडेवरून अंगठा फिरवला. आणि मागच्या रांगेतून, खणखणीत नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज आला.

"बारा."

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, काय बारा? वन्सं उभ्या राहिल्या होत्या. "अकरा नव्हे, बारा वर्षं," त्या म्हणाल्या. "नोंद बरोबर करा." आणि खाली बसल्या.

साहेबांनी खोडून बारा लिहिलं. खरंच लिहिलं, मी पाहिलं. मला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणीही आलं. हे दोन्ही एकदम होतं तेव्हा माणूस फार बावळट दिसतो, असं सासूबाईंनी नंतर सांगितलं.

परत येताना आम्ही एकाच बसने आलो. वन्सं खिडकीशी, मी दाराशी, सासूबाई मध्ये. माफी मागून झाली म्हणजे लगेच गप्पा सुरू होतात असं काही नसतं. बारा वर्षांची सवय असते.

दीड महिन्याने अंतिम नकाशा आला. रेघ रस्त्यावरून उचलून नाल्यावर गेली होती. डॉक्टरीणबाईंच्या दोन इमारती त्यांच्याकडे, आमची अख्खी गल्ली, दोन्हीकडची, बाजाराच्या वॉर्डात. शेडच्या मुदतीसाठी आता ज्याच्याकडे जायचं, त्याला आमची नऊशे मतं लागणार होती. गाड्या लावायची मागणी पुन्हा येईल, येऊ दे, मी आहे. पलीकडच्या त्या सुनेने सासूकडे बघून विचारलं, आता पाणी जोरात येणार ना? या वेळी तिला कुणी खाली बसवलं नाही.

नकाशाची प्रत मास्तरांकडे आली होती. ती पुठ्ठ्यावर चढवून शेडच्या भिंतीला लावायची असं ठरलं. मी मशीन पुसून, पातं वर घेऊन हातगाडीची वाट बघत होते. नकाशा हातगाडीवरून आला नाही. दोन्ही हातांवर आडवा धरून वन्सं स्वतः रस्ता ओलांडून आल्या. उंबऱ्यापाशी थबकल्या. बारा वर्षांत शेडमध्ये काय बदललं ते बघत असाव्यात. काही बदललेलं नव्हतं, फक्त मागच्या पट्टीचा स्क्रू नवा होता. त्या सरळ मशीनपाशी गेल्या, खाली वाकल्या आणि दोन बोटांनी तो स्क्रू फिरवून पाहिला. घट्ट होता. मग त्यांनी नकाशा टेबलावर पसरला. चारी बाजूंना चांगली बोटभर पांढरी कड होती आणि माझे हात सवयीने पट्टीकडे गेले.

"कडा कापू नकोस," वन्सं म्हणाल्या.

"नाही कापत, वन्सं," मी म्हटलं, आणि नकाशाचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं.